स्ट्रीट फायटर ६: मॉडर्न की क्लासिक?

'स्ट्रीट फायटर ६' (२०२३) हा फायटिंग गेम नव्याने खेळणाऱ्यांचं घोडं कंट्रोल्स निवडतानाच अडतं.

🎮 क्लासिक: सहा बटणं, तीन ठोशांची, तीन लाथांची. रियू या पात्राचा हदोकेन (ऊर्जेचा गोळा) मारायला खाली, तिरकं, पुढे अशी दिशा फिरवून ठोसा.

🎮 मॉडर्न: तोच हदोकेन एका बटणावर! पण असा शॉर्टकट वापरला की मार २० टक्के कमी बसतो आणि काही साधे फटके मिळतच नाहीत.

माझं मत? बोटं अडखळत असतील तर खुशाल मॉडर्न घ्या. आर्केड स्टिक विकत घ्यायची घाई नको, हातातला पॅड चालतो.

मग तीनच गोष्टी घोटा:

१. मागे धरलं की ब्लॉक. खालचा फटका बसून अडवा, उडी मारून आलेला उभं राहून.
२. समोरचा नुसताच ब्लॉक करतोय? थ्रो करा, म्हणजे पकडून फेका. ब्लॉकने थ्रो अडत नाही.
३. तो उडी मारून आला की शोर्युकेन (वर उसळणारा ठोसा). मॉडर्न रियूला पुढे आणि स्पेशल एवढं पुरतं.

ट्रेनिंग मोडमध्ये डमीला सतत उड्या मारायला लावा आणि रोज दहा मिनिटं त्याला हवेतच पाडा. कॉम्बो नंतर!

तुम्ही कोणते कंट्रोल्स वापरता? कमेंटमध्ये सांगा.