आपल्याकडचा डेंग्यू नेमका कोणता?

पावसाळा सरत आला की म्हसावदच्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. शहादा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याशी, धडगाव-तोरणमाळच्या वाटेवरचे हे गाव. आसपासच्या पाड्यांवरची माणसे औषधपाण्यासाठी इथेच येतात. रक्त तपासले जाते, प्लेटलेट मोजल्या जातात आणि अहवालात लिहून येते : एनएस-१ पॉझिटिव्ह. म्हणजे डेंग्यू झाला आहे. उपचार सुरू करायला एवढी माहिती पुरते. पण डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. त्यांपैकी कोणता या रुग्णाच्या रक्तात आहे, तो इथेच वर्षानुवर्षे फिरतो आहे की यंदा सुरतेहून किंवा पुण्याहून आला, हे या अहवालातून कळत नाही.

ही माहिती महत्त्वाची आहे. एका प्रकारचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती मिळते, उरलेल्या तिघांविरुद्ध मात्र नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली, तर आधीची प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरायला मदत करू शकतात आणि आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे एखाद्या भागात विषाणूचा प्रकार बदलला, तर आरोग्य यंत्रणेला ते लवकर कळायला हवे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, म्हणजे एनआयव्हीतील डी. सेसिलिया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशीच एक नोंद प्रसिद्ध केली. सुमारे ३० वर्षांच्या खंडानंतर पुण्यात डेंग्यू-४ पुन्हा सापडला होता आणि त्याचा संबंध दोन गंभीर रुग्णांशी होता. नेहमीच्या एनएस-१ चाचणीतून हे कधीच उघड झाले नसते.

साडेदहा हजारांहून अधिक अक्षरे

हे कळण्यासाठी विषाणूचा जीनोम, म्हणजे रासायनिक अक्षरांत लिहिलेली त्याची संपूर्ण जनुकीय माहिती, वाचतात. डेंग्यूचा जीनोम आरएनएचा असतो. सुमारे १०,७०० अक्षरांच्या या एकाच साखळीवरून आधी एक लांबलचक प्रथिन तयार होते आणि मग त्याचे १० तुकडे पडतात. तीन प्रथिने विषाणूचे शरीर घडवतात, सात आपल्या पेशीत तयार होऊन त्याची कामे करतात. अहवालात दिसणारे एनएस-१ हे त्या सातांपैकीच एक.

ही साखळी वाचण्यासाठी प्रयोगशाळेत आरएनएचे डीएनएत रूपांतर करतात, साधारण ४०० अक्षरांचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे वाढवतात आणि ते अक्षरांचा क्रम वाचणाऱ्या सिक्वेन्सिंग यंत्रात घालतात. यंत्रातून सलग जीनोम बाहेर येत नाही. हाती येतात लाखो तुटक वाचने, काही अचूक, काही सदोष. खरे काम इथून पुढे सॉफ्टवेअरचे.

पहिले काम निवडीचे. प्रत्येक अक्षरासोबत यंत्र खात्रीचा गुणांक देते. २० गुण म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक. ‘फास्टपी’सारखे प्रोग्रॅम कमी गुणांचा भाग छाटून टाकतात. मग ‘बीडब्ल्यूए’ किंवा ‘मिनिमॅप-२’ प्रत्येक वाचन एका ज्ञात जीनोमशी ताडून त्याची जागा ठरवते.

यानंतरची एक पायरी मात्र भल्याभल्यांना चकवते. तुकडे वाढवताना त्यांच्या दोन्ही टोकांना प्रयोगशाळेत तयार केलेले, वीस-पंचवीस अक्षरांचे प्रायमर वापरावे लागतात. यंत्र ती अक्षरेही विषाणूचीच समजून वाचते. नेमक्या त्याच जागी विषाणूत बदल झाला असेल, तर प्रायमरचे अक्षर वर येते आणि खरा बदल झाकला जातो. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत तयार झालेला ‘आयव्हार’ हा प्रोग्रॅम प्रायमरच्या जागा ओळखून तेवढाच भाग कापतो. शेजारचा तुकडा त्या जागेवर चढलेला असल्याने खरे अक्षर तिथून मिळते. शेवटी प्रत्येक जागी बहुमताने अक्षर ठरते. जिथे वाचनेच अपुरी असतात, समजा १० पेक्षा कमी, तिथे अंदाज न बांधता ‘एन’ लिहितात. ‘माहीत नाही’ असे स्पष्ट नोंदवणारी ही शिस्त मला या सगळ्या प्रक्रियेत फार मोलाची वाटते.

पुण्यात सुचलेली पद्धत

जीनोम हाती आला की प्रश्न येतो, हा चौघांपैकी कोण? त्यासाठी सहसा नवा जीनोम जुन्या जीनोमांशी अक्षराला अक्षर लावून पाहतात. जीनोम शेकड्यांनी असले की हे काम वेळखाऊ होते आणि अक्षरांची जुळणी कुठे करायची, याबद्दल शंका राहतात. पुणे विद्यापीठातील पांडुरंग कोळेकर, मोहन काळे आणि उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी २०१२ मध्ये या जुळणीशिवाय चालणारी एक पद्धत प्रसिद्ध केली. म्हसावदच्या थांब्यावर उभे राहून धडगावची एक एसटी गेल्यावर दुसरी येईपर्यंत मध्ये किती गाड्या गेल्या, हे दिवसभर मोजत राहावे, तसे ही पद्धत अक्षरांबाबत करते.

‘ए टी जी ए ए सी टी जी ए’ ही साखळी घेऊ. पहिल्या ‘ए’नंतर दोन अक्षरे सोडून दुसरा ‘ए’ येतो, तिसरा लगेच येतो, चौथा तीन अक्षरांनंतर. म्हणजे अंतरे २, ०, ३. या अंतरांची सरासरी आणि त्यांतला चढउतार काढायचा. हेच इतर अक्षरांसाठी आणि दोन-दोन, तीन-तीन अक्षरांच्या गटांसाठीही करायचे. प्रत्येक जीनोमची अशी आकड्यांची ओळख तयार होते आणि दोन ओळखींमधले अंतर गणिताने काढता येते. अक्षरे किती आहेत यासोबत ती कोणत्या क्रमाने येतात, हेही त्यात धरले जाते. डेंग्यू ज्या फ्लॅव्हीव्हिरिडी कुळातला आहे, त्या कुळाची वंशावळ आणि डेंग्यूचे चार प्रकार या पद्धतीने वेगळे करून दाखवले गेले. संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र एकत्र येऊन आपल्याच राज्यात हे काम झाले, याचा अभिमान वाटतो.

आज ‘जीनोम डिटेक्टिव्ह’ आणि ‘नेक्स्टक्लेड’ ही साधनेही प्रकार, उपप्रकार सांगतात. नेक्स्टक्लेड तर ब्राउझरमध्येच चालते, जीनोम बाहेरच्या सर्व्हरवर पाठवावा लागत नाही. २०२४ मध्ये उपप्रकारांच्या आतल्या शाखांना नावे देण्याची नवी पद्धतही जगभरच्या संशोधकांनी मांडली, त्यामुळे सगळे एकाच नावाने बोलू शकतात.

वंशवृक्षातून प्रवास

‘आयक्यू-ट्री’ आणि ‘बीस्ट’ हे प्रोग्रॅम जीनोमांचा वंशवृक्ष मांडतात. डेंग्यूच्या जीनोममध्ये वर्षाला साधारण सात-आठ अक्षरे बदलून स्थिरावतात. समजा, एकाच हंगामात म्हसावद आणि सुरत इथे मिळालेल्या दोन जीनोमांत ४० अक्षरांचा फरक निघाला. दोन्ही शाखा वेगवेगळ्या बदलत गेल्या असल्याने वर्षाचा फरक साधारण १६ धरायचा. म्हणजे त्यांचा समाईक पूर्वज सुमारे अडीच वर्षांपूर्वीचा. यंदा सुरतेहून थेट लागण आली, हा तर्क तिथेच कमकुवत ठरतो. फरक एक-दोन अक्षरांचाच असता, तर तो तर्क बळकट झाला असता. ऊसतोडीला, बांधकामाला, शेतमजुरीला गुजरातेत जाणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. आजार कोणी ‘आणला’ यावरून गावात बोट दाखवले जाते, तेव्हा अफवेपेक्षा असे उत्तर हाती असलेले बरे.

मात्र एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. सॉफ्टवेअर नाते जोडते ते आधी वाचून माहितीसाठ्यात ठेवलेल्या जीनोमांशीच. जवळच्या तालुक्यातला जीनोम कोणी वाचलेलाच नसेल, तर दूरच्या शहरातला विषाणू सर्वांत जवळचा नातेवाईक ठरतो आणि निष्कर्ष फसतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राहुल रॉय यांच्या गटाने २०२३ मध्ये भारतातील डेंग्यूचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५६ ते २०१८ या काळातले त्यांना उपलब्ध झालेले अनुक्रम होते ४०८. त्यांतूनही बरेच हाती लागले. २०१२ पर्यंत डेंग्यू-१ आणि ३ यांचा जोर होता, नंतर डेंग्यू-२ देशभर वरचढ झाला, तर दक्षिणेत डेंग्यू-४ने बस्तान बसवले. पण सहा दशकांत एवढ्या मोठ्या देशातून ४०८, म्हणजे वर्षाला सातही नाहीत. लशी तयार होताना, त्यांचा प्रभाव तपासताना, आज आपल्या भागात कोणता विषाणू फिरतो आहे, हे माहीत असणे गरजेचे आहे.

यात सॉफ्टवेअरची अडचण नाही. वर उल्लेखलेले बहुतेक प्रोग्रॅम मोफत आहेत आणि डेंग्यूचा जीनोम एवढा लहान आहे की वंशवृक्षापर्यंतचे बरेचसे काम साध्या संगणकावर होते. अडचण आहे ती नमुन्याची. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत घेतलेले रक्त, थंड साखळी न तुटता, तारीख आणि तालुक्याच्या नोंदीसह प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजे. रुग्णाचे नाव त्यासाठी लागत नाही. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला आपले विद्यापीठ आहे, पुण्याला एनआयव्ही आहे. दर हंगामात प्रत्येक तालुक्यातून मोजकेच नमुने सिक्वेन्सिंगला पाठवायचे आणि त्यांचे विश्लेषण आपल्या जिल्ह्यातल्या मुला-मुलींना शिकवायचे, एवढे ठरवले तरी चित्र बदलेल. रुग्णाने स्वतःच्या खर्चाने ही तपासणी करून घेण्याची गरज नाही. त्याचे उपचार त्यामुळे बदलत नाहीत. हे काम सार्वजनिक यंत्रणेचे आहे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून टाक्या, रांजण, कूलर रिकामे करणे ही आपली जबाबदारी आहे. ती पार पाडू या आणि आपल्या तालुक्यातला विषाणू वाचला जावा, ही मागणी ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत ठामपणे करू या.