चेहरा दाखवा, आत या!

16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीचा बेलोरा विमानतळ सुरू झाला आणि जवळच्या नेर गावातल्या लोकांना मुंबईचं विमान नागपूरपेक्षा कितीतरी जवळ आलं. मोठ्या विमानतळांवर मात्र आता ओळखपत्राच्या जोडीला आणखी एक पर्याय आहे : ‘डिजीयात्रा’.

चालते कशी? अ‍ॅपला आधार जोडायचं, सेल्फी काढायचा, बोर्डिंग पास चढवायचा. दारावर बारकोड टेकवून कॅमेऱ्याकडे पाहिलं की फाटक उघडतं. सीआयएसएफच्या सुरक्षा जवानांकडून होणारी झडती मात्र चुकत नाही. महिलांची तपासणी पडद्याआड महिला जवानच करतात.

सुरुवात : 1 डिसेंबर 2022, दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी. 2023 मध्ये पुणे व मुंबईही आले.

माहिती कोणाकडे? ती प्रवाशाच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर 24 तासांत पुसली जाते, असं सरकार सांगतं. योजना चालवणाऱ्या डिजीयात्रा फाउंडेशनमध्ये विमानतळ प्राधिकरणाचा वाटा 26 टक्के. उरलेला पाच विमानतळ कंपन्यांचा. त्यामुळे माहिती अधिकारात प्रश्न विचारायचे कोणाला, ही टीकाकारांची तक्रार.

कायदा : 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची अट आहे, पण देशाच्या सुरक्षेसाठी सरकारी यंत्रणांना सूटही देता येते.

नको असेल तर? डिजीयात्रा ऐच्छिक आहे. ओळखपत्र आणि तिकीट दाखवून नेहमीच्या रांगेतून जाता येतं.