पाण्याखाली : कोणतं यंत्र कुठे?

शिशाच्या वजनांचा हिशेब आज मांडायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. सानगडीहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. तारकर्लीला ते पर्यटकांसाठीची डाइव्ह करून आले. प्रशिक्षकाने मागून धरून खाली नेलं. यांच्या अंगावर एकही यंत्र नव्हतं. आता रीतसर कोर्स करायचाय. विचारतात, गेज, कॉम्प्युटर, कंपास हे सगळं घालायचं तरी कुठे?

कोर्सला बहुधा कन्सोल हाती येतो : एकाच नळीच्या टोकाला प्रेशर गेज, खोलीमापक, कधी कंपासही. भाड्याच्या सामानात तो सोयीचा, कारण काही हरवत नाही. मला मात्र तो मुळीच पसंत नाही. आपण पाण्यात आडवे असतो आणि मोकळा सोडलेला कन्सोल खाली लोंबतो. मालवणच्या खडकांवर तो प्रवाळावर आपटत जातो. जे वाढायला वर्षं लागली, ते आपल्या नकळत मोडतं. शिवाय लोंबत्या कन्सोलवरची खोली छातीच्या खोलीपेक्षा जास्तच दिसते.

म्हणून प्रेशर गेज तेवढं नळीवर ठेवावं. नळी डाव्या काखेखालून आणून गेज डाव्या कमरेच्या कडीला क्लिपने अडकवावं. पाहायचं तेव्हा सोडायचं, पाहून झालं की परत अडकवायचं. २०० बारला सुरुवात केली तर ५० बार उरलेले असताना बोटीवर परतायचं, हा हिशेब या एका तबकडीवर चालतो. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग आणला. त्यानंतर कित्येक वर्षं अनेक डायव्हर प्रेशर गेजशिवायच उतरत. श्वास ओढायला जड जाऊ लागला की टाकीच्या बाजूची सळई खाली ओढायची, मग राखीव हवा सुटायची. ती सळई कशाला तरी अडकून आधीच खाली आलेली असेल, तर राखीव हवाही नकळत संपून गेलेली!

कॉम्प्युटर उजव्या मनगटावर. यावर मी हट्टी आहे. वर येताना डावा हात बीसीडीची, म्हणजे फुगवता येणाऱ्या जाकिटाची, हवा सोडायला नळी धरून डोक्यावर गेलेला असतो. कॉम्प्युटर त्याच हातावर असेल तर तो अर्धा-पाऊण मीटर कमी खोली दाखवतो. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही, मग ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. नेमकी तेव्हाच आकड्यांवर नजर हवी. उजवा हात चेहऱ्यासमोर मोकळा असतो. चाळिशी लागलेल्यांना आणखी एक फायदा : मनगट हवं तेवढं लांब धरता येतं.

पट्टा मात्र ताणणारा घ्या. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, वेटसूटच्या रबरातले बुडबुडे दबतात, बाही पातळ होते आणि किनाऱ्यावर घट्ट आवळलेला पट्टा मनगटाभोवती फिरू लागतो. मी दुहेरी इलॅस्टिक दोरी वापरतो.

कंपास डाव्या मनगटावर. उजवा हात सरळ पुढे करायचा, डाव्या हाताने उजवा कोपर धरायचा. कंपास आपोआप छातीसमोर, शरीराच्या रेषेत येतो. तो आडवाच धरायचा, कलला की काटा अडतो. पोलादी सुरी आणि चुंबकाचं बटण असलेला टॉर्च त्याच हाताला नको.

याच वाचकांनी पुढे विचारलंय, आमच्या भागातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत उतरलो तर? समुद्र शिकल्याशिवाय आणि जाणकार जोडीदाराशिवाय नको. गढूळ पाण्यात तबकडी मास्कला टेकवून वाचावी लागते. वनस्पती आणि मासेमारीची जाळी असतात, तिथे लोंबणारी प्रत्येक वस्तू अडकते. अंगाला लागून बसवलेलं गेज आणि दोन्ही मनगटं, एवढंच तिथे चालेल. जाळं कापायची सुरी पायाला न बांधता कमरेला, दोन्ही हात पोचतील अशी ठेवावी.

वजनांचं पुढच्या आठवड्यात.