कार्बन डाय-ऑक्साइडापासून मिथेनॉल

कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन यांच्या विक्रियेने मिथेनॉल तयार करता येते. हे संयुग इंधन म्हणून, तसेच फॉर्माल्डिहाइड, ॲसिटिक अम्ल इ. रसायनांच्या निर्मितीत वापरतात. या विक्रियेचे उत्प्रेरक बहुधा धातूंच्या ऑक्साइडांवर आधारलेले असतात.

कार्बन डाय-ऑक्साइड हे ज्वलनाचे अंतिम फलित असल्याने अतिशय स्थिर असते व सहजासहजी विक्रिया करीत नाही. तापमान वाढविल्यास वेग वाढतो. परंतु मिथेनॉल देणारी विक्रिया ऊष्मादायी असल्यामुळे तिचा समतोल त्याच वेळी मागे सरतो आणि कार्बन मोनॉक्साइड देणारी स्पर्धक विक्रिया बळावते. उत्प्रेरकाच्या शोधातील मूळ पेच हाच होय.

जर्मनीत १९२३ मध्ये झिंक व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांवर मिथेनॉलाचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले, ते मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडापासून व २५० वातावरणांहून अधिक दाबाखाली. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये तांबे, झिंक ऑक्साइड व ॲल्युमिना यांचा उत्प्रेरक वापरात आला आणि ५०–१०० वातावरणे दाब पुरेसा ठरला. पुढे मिश्रणातील कार्बनाचा मागोवा घेता, मिथेनॉलातील बहुतेक कार्बन कार्बन डाय-ऑक्साइडातून येतो, असे काहीसे अनपेक्षितपणे आढळले. मात्र केवळ हाच वायू वापरल्यास मिथेनॉलाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू तयार होतो. पाण्याच्या वाफेमुळे तांब्याचे सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे होतात व उत्प्रेरक दुबळा होतो.

इंडियम ऑक्साइडात क्रियाशील भाग वेगळा असतो. हायड्रोजन पृष्ठभागावरील काही ऑक्सिजन काढून घेतो. त्या रिक्त जागी कार्बन डाय-ऑक्साइडाचा रेणू पकडला जाऊन त्याला टप्प्याटप्प्याने हायड्रोजन जोडला जातो. मिथेनॉल निघून गेल्यावर रिक्त जागा पुन्हा निर्माण होते. झिर्कोनियावर आधारलेला असा उत्प्रेरक १,००० तास टिकल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चीनमध्ये २०१७ साली झिंक व झिर्कोनियम यांच्या मिश्र ऑक्साइडावर ३२०° से. तापमानास ८६–९१ टक्के निवडकता मिळाली. तथापि एका फेरीत रूपांतर दहा टक्क्यांहून थोडेच अधिक होते. इंडियम दुर्मिळ असल्याने झिंकाचा हा पर्याय महत्त्वाचा आहे.

एक टन मिथेनॉलास सु. १,३७५ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड व १९० किग्रॅ. हायड्रोजन लागतो. हा हायड्रोजन नेहमीच्या पद्धतीने नैसर्गिक वायूपासून मिळविल्यास त्याच्या प्रत्येक किग्रॅ.मागे सु. ९ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वापरलेल्याहून अधिक. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये उभारलेल्या कारखान्यात म्हणूनच पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने मिळविलेला हायड्रोजन व भूऔष्णिक केंद्रातील कार्बन डाय-ऑक्साइड यांचा उपयोग करण्यात आला.