भाडेकरू गेला, सामान राहिले

मध्यंतरी आमच्या शाखेत एक निवृत्त ग्राहक पासबुक घेऊन आले. चार महिने त्यांच्या खात्यात घरभाडे जमा झाले नव्हते. लिव्ह अँड लायसन्स करारावर दिलेल्या त्यांच्या सदनिकेला कुलूप लावून भाडेकरू निघून गेला होता. फोन बंद होता. खिडकीतून मात्र फ्रिज, कपाट आणि पलंग दिसत होता. गृहकर्जाचा हप्ता त्या भाड्यातूनच जात असल्याने ते अस्वस्थ होते. “हे सामान विकून माझे पैसे वळते करून घेतले, तर काय बिघडले?” असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

प्रश्न स्वाभाविक होता, पण त्याचे उत्तर नकारार्थी आहे. थकलेले भाडे हे आपले येणे असते, तर मागे राहिलेले सामान ही दुसऱ्याची मालमत्ता असते. या दोन बाबींची परस्पर वजावट होत नाही.

घरमालकाचा अधिकार किती?

थकबाकीपोटी ताब्यातील माल अडवून ठेवण्याच्या हक्कास धारणाधिकार म्हणतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ ने तो बँकांसह काही मोजक्या व्यावसायिकांना दिला आहे. त्या यादीत घरमालक नाही. उलट भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६३ नुसार, परवाना रद्द झाल्यावरही जागा सोडण्यासाठी व सामान हलविण्यासाठी परवानाधारकास वाजवी मुदत मिळते. अशा स्थितीत सामान परस्पर विकणारा घरमालक स्वतःच भरपाईच्या दाव्यास, प्रसंगी फौजदारी तक्रारीसही, तोंड देण्याची वेळ ओढवून घेतो.

लॉकरकडून घ्यावयाचा धडा

बँकेच्या लॉकरचे उदाहरण येथे बोलके आहे. लॉकर बँकेचा, इमारतही बँकेच्या ताब्यातील. तरीही भाडे थकले म्हणून बँक तो लगेच फोडत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली घालून दिलेल्या पद्धतीनुसार सलग तीन वर्षे भाडे थकल्यावरच तो विचार करता येतो. प्रथम पत्र, ई-मेल व एसएमएसद्वारे सूचना द्यावी लागते. ग्राहकाचा ठावठिकाणा न लागल्यास दोन वृत्तपत्रांत जाहीर सूचना द्यावी लागते. त्यानंतर बँकेचा अधिकारी व दोन स्वतंत्र साक्षीदार यांच्यासमक्ष लॉकर उघडून त्याचे चित्रीकरण केले जाते, यादी होते आणि वस्तू मोहोरबंद करून जपून ठेवल्या जातात. सूचना, साक्षीदार, यादी आणि जपणूक ही चतुःसूत्री घरमालकानेही अंगीकारावी.

क्रमाक्रमाने काय करावे?

भाडेकरूने ताबा दिलेला नसेल, तर कुलूप तोडू नये. कायदेशीर मार्गाविना ताबा गेल्यास विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ६ अन्वये तो सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो. त्याऐवजी करारातील कायमचा पत्ता व नोकरीचे ठिकाण येथे पोहोचपावतीसह लेखी नोटीस पाठवावी. तीत थकबाकीचा तपशील व सामान नेण्याची निश्चित तारीख असावी. गृहनिर्माण संस्था व पोलीस ठाणे यांनाही लेखी कळवावे.

प्रतिसाद न मिळाल्यास आणि कराराची मुदत संपली असल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो. मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्याची तरतूदही त्यात आहे. ताबा मिळताना साक्षीदारांसमक्ष सामानाची यादी व छायाचित्रे घ्यावीत. सामानाची विल्हेवाट भाडेकरूच्या लेखी संमतीने वा न्यायालयाच्या आदेशानेच लावावी.

थकबाकीची वसुली

पहिला आधार अनामत रकमेचा. भाडे, वीजबिल व दुरुस्ती यांचा लेखी हिशेब करून करारानुसार ती वळती करावी. उर्वरित रकमेसाठी दावा करता येतो. मात्र भाडे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. येथे नोंदणीकृत करार व बँक खात्यातील नोंदी हाच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. महाराष्ट्रात कराराची नोंदणी ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. विहित अटी पूर्ण केल्यास न मिळालेले भाडे प्राप्तिकरासाठी उत्पन्नातून वगळता येते. पुढे ते वसूल झाल्यास त्या वर्षी ३० टक्के वजावटीनंतर करपात्र होते. अन्य राज्यांत भाडेविषयक कायदे निराळे असल्याने तेथील वाचकांनी स्थानिक वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

आमच्या ग्राहकांनी नोटीस पाठविली. तीन आठवड्यांनी भाडेकरूचा भाऊ गावाहून आला, यादीवर सही करून सामान घेऊन गेला आणि किल्ली देऊन गेला. दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून वळते झाले, एका महिन्याचे नंतर खात्यात आले. एका महिन्याचे अद्याप येणे आहे. हिशेब पूर्ण जुळला नाही, पण घर मोकळे झाले आणि कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

नव्या भाडेकरूशी करार करताना त्यांनी मागे राहणाऱ्या सामानाविषयी स्पष्ट अट, भाडेकरूच्या एका नातेवाइकाचा पत्ता आणि दरमहा थेट खात्यात भाडे या तीन गोष्टी आवर्जून लिहून घेतल्या. वाचकहो, आपल्या करारात त्या आहेत ना, हे आजच पाहून घ्यावे.