यंत्राच्या मागें पडलेले दाणे

शेतांत पिकलेलें सर्वच धान्य कणगींत येतें असें नाहीं. विळ्यानें कापतांना, भारे वाहतांना व खळ्यावर मळतांना कांहीं दाणे सांडतातच. आतां भंडारा, गोंदिया यांसारख्या भातपिकाच्या जिल्ह्यांतही कापणी व मळणी एकदम करणारें यंत्र दिसूं लागलें आहे. शेतकरी त्यास ‘हार्वेस्टर’ म्हणतात. दिवसांचें काम तें तासांत उरकतें. तथापि तें नीट चालविलें नाहीं, तर त्या घाईंत धान्य मातीस मिळतें. हें नुकसान कोठें होतें व कसें टाळावें, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम वेळेचा प्रश्न. लोंबींतील शंभरांपैकीं ८० ते ८५ दाणे पिवळे झाले व दाण्यांतील ओलावा शेंकडा २० ते २५ वर आला, म्हणजे कापणीची वेळ झाली असें समजावें. उशीर केल्यास दाणे अति वाळून नुसत्या धक्क्यानें गळतात; घाई केल्यास ते लोंबीपासून सुटत नाहींत. कापणीपूर्वीं आठ-दहा दिवस शेतांतील पाणी काढून टाकावें, म्हणजे जमीन यंत्राचा भार सोसते.

यंत्रांत दाणे सांडण्याच्या जागा मुख्यत्वें तीन आहेत. पहिली तोंडाशीं. तेथें फिरणारा रहाट उभें पीक पात्यांकडे लोटतो. त्याचा वेग यंत्राच्या चालीहून किंचित अधिक असावा. फार अधिक झाल्यास तो लोंब्यांना झोडपून दाणे जमिनीवर पाडतो. दुसरी जागा मळणीच्या पिंपाची. पिंप मंद फिरलें, तर दाणे लोंबीला चिकटून पेंढ्याबरोबर बाहेर जातात. अति जलद फिरलें, तर ते फुटतात व पुढें गिरणींत कणी वाढते. तिसरी जागा चाळण व पंखा यांची. उफणतांना वारा जोराचा असला, म्हणजे पोचट दाण्यांबरोबर भरलेले दाणेही उडून जातात. येथेंही तसेंच होतें. म्हणून दाणा कोठें पडला हें पाहिलें, कीं दोष कोठें आहे हें कळतें.

यंत्र बहुधा भाड्याचें असतें. भाडें एकरावर ठरलें असल्यास चालकास घाई असते. तेथें ‘सावकाश चालवा’ एवढें म्हणून भागत नाहीं. नुकसान मोजून दाखवावें लागतें. याची रीत सोपी आहे. एक मीटर लांब व तितकीच रुंद अशी दोरीची चौकट करावी. उभ्या पिकांत ती ठेवून आपोआप गळलेले दाणे आधीं मोजावेत. यंत्र गेल्यावर त्यानें कापलेल्या पट्ट्याच्या संपूर्ण रुंदींत निरनिराळ्या जागीं ती ठेवावी, पेंढ्यांत अडकलेले दाणेही धरावेत व सरासरी काढावी. तींतून पहिली संख्या वजा केली, म्हणजे यंत्राचें नुकसान निघतें.

समजा, ८० दाणे उरले. हजार दाण्यांचें वजन सुमारें २५ ग्रॅम धरल्यास ८० दाण्यांचे २ ग्रॅम होतात. एका एकरांत सुमारें ४०४७ चौरस मीटर असतात; तेव्हां एकरीं जवळजवळ ८ किलो भात मातींत गेलें!

विद्यार्थिमित्रहो, हें गणित तुम्हांस शाळेंत येतें. तें वडिलांच्या शेतावर करून पाहा. मात्र तें पहिल्या फेरीनंतरच करावें, म्हणजे रहाट, पिंप व पंखा यांचा वेग सुधारतां येऊन उरलेलें पीक वाचेल. शेवटच्या फेरीनंतर केलें, तर सरवा वेचण्यावांचून कांहीं उरत नाहीं.