बांधकामातल्या वाटा (लेखांक ७) : रेषा आर्किटेक्टची, तारीख डिझाइन मॅनेजरची

मागच्या आठवड्यात प्लॅनिंग इंजिनिअरचं काम पाहिलं. त्याचं वेळापत्रक हमखास अडतं ते ड्रॉइंगपाशी. सळई येऊन पडलेली असते, सेंट्रिंगवाले सुतार बसून असतात आणि जिन्याचं ड्रॉइंग 'उद्या देतो'वर अडकलेलं असतं. हा 'उद्या' ज्याच्या गळ्यात पडतो, तो डिझाइन मॅनेजर.

तो स्वतः ड्रॉइंग काढत नाही. या पदावर येणाऱ्या बऱ्याच आर्किटेक्टना नेमकं हेच पचत नाही. एखाद्या टॉवरवर आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, वीज-पाणी-एसी बघणारे एमईपीवाले, फायर, लिफ्ट, फसाड, लँडस्केप अशी बरीच मंडळी असतात आणि प्रत्येकाचं ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर असतं. दोन ड्रॉइंग एकमेकांवर ठेवली की कळतं, एसीचा डक्ट बीममधून आरपार चाललाय. असे अपघात आता नेव्हिसवर्क्ससारखं सॉफ्टवेअर दाखवतं. डक्ट खाली घ्यायचा की बीमची खोली कमी करायची, आणि हे कोणी व कधीपर्यंत ठरवायचं, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. नोकरी तिथे सुरू होते.

लिफ्टचंच घ्या. लिफ्टचा वेग वाढला की खालचा पिट अधिक खोल लागतो आणि वर ओव्हरहेडची उंचीही वाढते. शाफ्टची मापं तर कंपनीगणिक बदलतात. पिट असतो पायाच्या पातळीवर, त्यामुळे त्याचं काँक्रीट सुरुवातीलाच होतं. खरेदी विभाग मात्र लिफ्टच्या भावाची घासाघीस इमारत बरीच वर आल्यावर सुरू करतो. स्वस्तात मिळालेल्या लिफ्टला पिट उथळ पडला तर पायाचा काँक्रीटचा राफ्ट फोडायचा? खालचं वॉटरप्रूफिंग जाईल. मग गुपचूप कमी वेगाची लिफ्ट घेतली जाते आणि सकाळी ऑफिसच्या वेळी रहिवासी लॉबीत ताटकळतात.

चांगला डिझाइन मॅनेजर राफ्ट भरायच्या तारखेपासून उलटं मोजतो. राफ्टच्या आधी जीएफसी, म्हणजे 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन' शिक्क्याचं ड्रॉइंग हवं. त्याआधी स्ट्रक्चरलवाल्याला पिटचं माप हवं, आणि त्याहीआधी मालकाने वेग व प्रवासीसंख्या ठरवायला हवी. म्हणजे प्लॉटवर नुसती खोदाई चालू असताना मालकाला लिफ्टबद्दल बोलतं करायचं! ते जमलं नाही, तर दोन-तीन कंपन्यांची मापं मागवून त्यांतलं मोठ्यात मोठं धरायचं. थोडं काँक्रीट जादा जातं, पण खरेदीवाल्याचे हात मोकळे राहतात.

हा उलटा हिशेब न केल्याची किंमत सिडनीच्या ऑपेरा हाउसने मोजली. आर्किटेक्ट योर्न उत्झन यांनी १९५७ साली त्याच्या डिझाइनची स्पर्धा जिंकली, १९५९ मध्ये काम सुरू झालं, तेही छताच्या शिंपल्यांची भूमिती ठरलेली नसताना. सरकारला घाई होती. ती भूमिती १९६१ च्या सुमारास सुटली. पण तोवर उभे राहिलेले चौथऱ्यातले काही खांब अंतिम छताचं वजन पेलणारे नव्हते, ते पाडून नव्याने बांधावे लागले. उत्झन १९६६ मध्ये काम सोडून गेले. सुरुवातीचा अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. १९७३ मध्ये इमारत खुली झाली तोवर खर्च १० कोटींच्या वर गेला होता. इमारत देखणी आहे, वादच नाही. उत्झन यांच्या प्रतिभेत कमतरता नव्हती. कमतरता होती 'आधी छत ठरवा, मग खांब भरा' असं ठासून सांगणाऱ्याची.

आपल्याकडे या कामाला कायद्याचीही धार आली आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, मंजूर आराखडे ग्राहकांना दाखवून झाल्यावर इमारतीत किंवा सामाईक जागांत बदल करायचा तर किमान दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. त्यामुळे 'विक्री सुरू करू, क्लब हाउसचं नंतर बघू' हे बिल्डरचं लाडकं वाक्य आता महागात पडू शकतं. बिल्डरला हे तोंडावर सांगण्याची तयारी ठेवा.

या वाटेवर यायचं कसं? बी.आर्क. किंवा सिव्हिल, दोन्ही चालतात. पुण्याच्या निकमारसारख्या संस्थांत बांधकाम व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पण माझं स्पष्ट मत आहे की, त्याआधी वर्ष-दोन वर्षं साइटवर काढा. स्लॅब भरून झाल्यावर विसरलेल्या स्लीव्हसाठी कोअर कटिंगवाला बोलवायला लागला, की ड्रॉइंग वाचायची नजर आपोआप बदलते. पुढे डिझाइन कोऑर्डिनेटर म्हणून लागा. ड्रॉइंग रजिस्टर सांभाळणं, जुनी रिव्हिजन साइटवरून परत गोळा करणं, आरएफआयची, म्हणजे साइटवरून आलेल्या लेखी शंकांची, उत्तरं मिळवण्यासाठी कन्सल्टंटच्या मागे लागणं, ही कामं रटाळ वाटतात. पण कोणता कन्सल्टंट कुठे अडतो आणि कशाने हलतो, हे तिथेच कळतं.

मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा : डिझाइनमधल्या बदलाला अंतिम मंजुरी कोण देतं? एक नाव मिळालं तर नोकरी बघायला हरकत नाही. 'सगळे मिळून ठरवतो' असं उत्तर आलं, तर पगाराचा आकडा जरा चढाच सांगा.

(पुढील लेखांक : बिलिंग इंजिनिअर)